बेवड : एका शब्दात मुरलेलं शेतीचं शास्त्र

दरवर्षी जुलै उजाडला की आपल्या तालुक्याच्या गावात दोनच गोष्टींची चर्चा असते. पाऊस कुठं अडकला, आणि युरिया कुठं मिळतोय. कृषी सेवा केंद्रासमोर रांग लागते, कुणी लिंकिंगची तक्रार करतं, कुणी सरकारला शिव्या घालतं. आम्ही पत्रकार त्या रांगेचा फोटो काढतो, बातमी देतो आणि विसरून जातो.

या गर्दीत आपल्या भाषेतला एक जुना शब्द हरवत चाललाय. तो शब्द म्हणजे बेवड.

आजच्या पोरांना हा शब्द सांगितला तर त्यांना दारुडा आठवेल. पण घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर विचारून बघा. "हरभऱ्याचा बेवड चांगला", "त्या रानाला बेवड तुरीचा आहे, यंदा ज्वारी बघत राहा", अशी वाक्यं त्यांच्या तोंडात सहज येतात. आधीच्या पिकानं जमिनीत मागं ठेवलेला गुण म्हणजे बेवड. तो चांगला असतो, तसा वाईटही असतो. नुसत्या एका शब्दात आपल्या लोकांनी केवढं शास्त्र बांधून ठेवलं होतं, आणि तेच शास्त्र समजायला युरोपातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांना किती वर्षं भांडावं लागलं, याची ही गोष्ट आहे. लांबलचक आहे. पण वाचा. शेवटी ती आपल्या खिशापर्यंत येते.

आधी आपल्याकडची जुनी पेरणी आठवू. ज्वारीचं रान म्हणजे नुसती ज्वारी कधीच नसायची. तिफण पुढं ज्वारी पेरत चालली की मागं दोरीनं बांधलेलं सरतं असायचं. त्या सरत्याच्या नळ्यात एखादी बाई चालता चालता तुरीचं बी सोडायची. ज्वारीच्या इतक्या ओळी झाल्या की तुरीचं एक तास, असा हिशोब. कुठं मूग, उडीद, कुठं अंबाडी, कुठं कडेला तीळ. विदर्भात कपाशीत तूर. खानदेशात, देशावर बाजरीत तूर किंवा मटकी. कोकणातल्या वरकस जमिनीत नाचणी, तिच्यासोबत उडीद. नावं बदलतात, पद्धत तीच. एक धान्याचं किंवा कपाशीचं पीक, आणि सोबतीला शेंगेचं पीक.

ही जोडी का जमायची, त्याचं सरळ उत्तर कुणीही शेतकरी देईल. ज्वारी वेगानं वर जाते, तूर सुरुवातीला रडतरखडत वाढते. ऑक्टोबरात ज्वारी काढली की तुरीला सगळं रान मोकळं मिळतं, आणि ती संक्रांतीपर्यंत उभी राहते. ज्वारीची मुळं वरच्या थरात, तुरीचं सोटमूळ खोल. एक गेलं तरी दुसरं हाती लागतं. पाऊस दगा देणाऱ्या मुलखात हा आपला जुना पीकविमा होता, आणि त्याचा हप्ता कुठल्या कंपनीला भरावा लागत नव्हता.

पण जमिनीच्या वर जे दिसतं ते हे एवढंच. जमिनीखाली जे चालायचं, त्याच्यासाठी आपल्याकडं बेवड हा शब्द होता. त्याची उकल मात्र दूर देशी व्हायची होती.

आता युरोपात जाऊ. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना कळून चुकलं होतं की पिकाला नत्र लागतं. नत्राशिवाय पान हिरवं होत नाही, दाणा भरत नाही. गंमत अशी की आपल्या आजूबाजूच्या हवेत ७८ टक्के नत्रच आहे. पण ते इतकं घट्ट जोडलेलं असतं की झाडाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. समुद्राच्या मधोमध तहानलेल्या माणसासारखी झाडाची गत.

फ्रान्समध्ये बुसँगो नावाचा शास्त्रज्ञ होता. १८३८ च्या सुमारास त्यानं वजनमाप करून दाखवलं की क्लोव्हर आणि वाटाणा या पिकांत नत्र वाढतं, गव्हात वाढत नाही. म्हणजे शेंगेची पिकं कुठून तरी जास्तीचं नत्र आणतात. कुठून, ते त्याला सांगता येईना. पुढं त्यानंच जास्त काटेकोर प्रयोग केले, तर नत्र वाढलेलं दिसेना. त्याच देशातला जॉर्ज व्हील म्हणायचा वाढतं, बुसँगो म्हणायचा वाढत नाही. वाद पेटला.

या वादाचा निकाल लावायला इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेतीकेंद्रावर लॉज, गिल्बर्ट आणि पू या तिघांनी १८५७ पासून प्रयोग मांडले. त्यांनी काय केलं? मातीत आधीचं नत्र शिल्लक राहू नये म्हणून माती चांगली भाजून काढली. झाडं काचेच्या हंड्यांखाली ठेवली. आत जाणारी हवा धुऊन घेतली. स्वच्छतेत काही कसूर नाही. आणि निकाल आला की शेंगेचं पीक असो वा गहू, हवेतलं नत्र कुणीच घेत नाही. १८६१ साली हे छापून आलं. रोथॅमस्टेडचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, असा तो काळ. मोठ्या संस्थेनं निकाल दिला म्हणून बहुतेकांनी तो मानला.

आज आपल्याला कळतं की चूक त्या स्वच्छतेतच होती. माती भाजली तेव्हा मातीतले जिवाणूही मेले. जे खरं काम करणारे होते त्यांनाच बाहेर काढलं, आणि मग काम होत नाही असा निष्कर्ष काढला.

पुढं पाव शतक गेलं. जर्मनीत बेर्नबुर्ग इथं हेलरीगेल आणि विल्फार्थ हे दोघं कुंड्यांमध्ये पिकं वाढवत होते. ओटला जितकं नत्र द्यावं तितकं ते वाढायचं, अगदी हिशोबात. वाटाणा मात्र हिशोबात बसेना. नत्र न दिलेल्या शेजारशेजारच्या दोन कुंड्या, एकीत वाटाणा मरायला टेकलेला, दुसरीत डोलणारा. त्यांनी नीट बघितलं तर डोलणाऱ्या झाडाच्या मुळांना गाठी होत्या, मरतुकड्याला नव्हत्या. मग निर्जंतुक केलेल्या वाळूतल्या उपाशी वाटाण्याला त्यांनी शेतातल्या मातीचं थोडं पाणी पाजलं. मुळांवर गाठी आल्या आणि झाड उठून उभं राहिलं. तेच पाणी उकळून पाजलं तर काही नाही. म्हणजे मातीच्या पाण्यात काहीतरी जिवंत होतं. १८८६ साली बर्लिनच्या सभेत त्यांनी हे जाहीर केलं, १८८८ साली सविस्तर छापलं. त्याच वर्षी हॉलंडच्या बायरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला.

आज आपण दुकानातून जे रायझोबियमचं पाकीट आणतो ना, त्याचा जन्म इथला. रायझोबियम हे नाव १८८९ साली फ्रांक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं ठेवलं. याच फ्रांकनं त्याआधी १८८५ साली मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशीला मायकोरायझा हे नाव दिलं होतं. या लेखातल्या दोन्ही पात्रांचं बारसं एकाच माणसानं केलं, हा एक योगायोग.

आता तारीख लक्षात ठेवा. १८८८ ला विज्ञानानं मान्य केलं की शेंगेचं पीक जमिनीला नत्र देतं. आणि १८८९ च्या डिसेंबरात जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचा इंग्रज शेतीरसायनतज्ज्ञ मुंबईच्या सरकारनं नव्हे, थेट लंडनहून धाडलेला, हिंदुस्थानात उतरला. काम काय, तर इथली मागासलेली शेती कशी सुधारायची ते सांगायचं. तो वर्षभराहून जास्त देशभर फिरला. १८९३ साली त्याचा अहवाल आला आणि त्यात त्यानं जवळजवळ उलटंच लिहिलं. इथल्या रयतेला जमिनीची पारख आहे, पिकांची फेरपालट कळते, मिश्र पिकं कळतात. चांगल्या भागातल्या शेतकऱ्याला शिकवण्यासारखं फार थोडं आहे. त्याच्या मते खरी अडचण खताची होती, कारण सरपण नसल्यानं शेण चुलीत जात होतं. सरपणासाठी झाडं लावा, म्हणजे शेण शेतात जाईल, हा त्याचा सल्ला. आपल्याकडं लाकूडफाट्याचा प्रश्न शेतीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही, हे त्या माणसाला एका फेरीत समजलं होतं.

त्याच्या मागून आला अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ साली बिहारातल्या पुसाच्या संशोधन संस्थेत आला आणि १९२४ साली इंदूरला नवी संस्था उभारायला गेला. माळवा म्हणजे आपल्यासारखीच काळी माती, तशीच कपाशी, तशीच ज्वारी. आसपासच्या शेतकऱ्यांना त्यानं आपले गुरू मानलं, आणि हे लिहून ठेवायला तो लाजला नाही. पाश्चात्त्य विज्ञानानं तीस वर्षं वाद घालून जे मान्य केलं, ते पूर्वेकडचा शेतकरी कित्येक शतकं करत आला होता, असं त्यानं १९४० च्या आपल्या पुस्तकात स्पष्ट नोंदवलं. इंदूरला त्यानं कंपोस्टची जी पद्धत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणून गेली. त्याबद्दलच्या १९३१ च्या पुस्तकावर त्याच्या जोडीनं आणखी एक नाव छापलंय, यशवंत वाड. इंदूरच्या संस्थेतले रसायनतज्ज्ञ. आज सेंद्रिय शेतीच्या सभांत हॉवर्डचं नाव शंभरदा निघतं, वाडांचं एकदाही नाही. आपण आपली माणसं अशीच विसरतो.

पण हॉवर्ड हे सगळं लिहीत होता तोवर जगाची गाडी दुसऱ्या रुळावर गेली होती. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबरनं हवेतलं नत्र प्रयोगशाळेत तोडून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशनं त्याचा कारखाना केला आणि १९१३ साली ओप्पाऊ इथं तो सुरू झाला. शेकडो अंशांची उष्णता, प्रचंड दाब, लोखंडाच्या जाड जाड टाक्या. जे काम तुरीच्या मुळावरची मुगाच्या दाण्याएवढी गाठ साध्या मातीत, साध्या तापमानात करते, त्यासाठी माणसाला केवढा खटाटोप करावा लागला बघा. पहिल्या महायुद्धात याच अमोनियापासून दारूगोळा झाला. युद्ध संपल्यावर खत झालं.

आपल्याकडं १९५१ साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला. मग साठच्या दशकात मुंबईत ट्रॉम्बे, १९८५ च्या सुमारास अलिबागजवळ थळ. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. बुटकं, लवकर येणारं, खताला साथ देणारं. यात वाईट काही नव्हतं, हे स्पष्ट लिहितो. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडीवर दिवस काढले, खडी फोडली, त्यांना जास्तीच्या धान्याची किंमत विचारा. युरियानं देशाचं पोट भरलं, हे नाकारणारा खोटं बोलतो.

पण या वाटेवर सल्ला बदलला. मिश्र पीक म्हणजे अडाणी शेती, सलग पीक म्हणजे सुधारित शेती, असं समीकरण बसलं. बियाण्याच्या पिशवीवर, खताच्या मात्रेच्या तक्त्यावर, कर्जाच्या अर्जावर, पीक पाहणीच्या रकान्यात एकच पीक सोयीचं पडतं. मधलं तुरीचं तास कागदावर मावेना. कागदावर मावत नाही ते हळूहळू रानातूनही जातं.

त्याच १९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था सुरू झाली. तिथं आर. डब्ल्यू. विली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंतरपिकांवर नेटानं काम केलं. ज्वारीच्या दोन ओळी आणि तुरीची एक, ही आपल्या बापजाद्यांची मांडणी त्यांनी तराजूवर ठेवली. ज्वारी फारशी घटत नाही, आणि वर तुरीचं सलग पिकाच्या निम्म्याहून जास्त उत्पन्न मिळतं, हे आकड्यांनी सिद्ध झालं. एकाच एकरात सव्वा-दीड एकराचा माल.

आता मूळ प्रश्न. तूर ज्वारीला नत्र "देते" म्हणजे नक्की काय करते?

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये हे फार सोपं असतं. तूर हवेतलं नत्र ओढते आणि शेजारच्या ज्वारीला पाजते. ऐकायला गोड आहे, पण तसं नाही. शास्त्रज्ञांनी नत्राचा एक जड प्रकार वापरून, म्हणजे नत्रावर जणू खूण करून, ते कुठून कुठं जातं याचा माग काढला. पाटणचेरूच्या प्रयोगांत असं दिसलं की तूर बरंचसं नत्र हवेतून घेते खरी, पण त्याच हंगामात ते ज्वारीच्या ताटात थेट गेल्याचा पुरावा जवळपास मिळत नाही.

मग वाटणी होते कशी? तीन वाटांनी.

पहिली वाट, भांडण न करण्याची. मातीत जे थोडंफार तयार नत्र असतं ते ज्वारी भरभर उचलते, तिची भूक मोठी आणि मुळं चपळ. तुरीला खाली फारसं उरत नाही, म्हणून ती गाठींकडे वळते. झाड जिवाणूला साखर पुरवतं, जिवाणू झाडाला नत्र देतो. शेजारी ज्वारी असली की तूर स्वतःच्या गरजेतला जास्त मोठा वाटा हवेतून भागवते. एका ताटावर दोन भाऊ बसले आणि एकानं आपला डबा बाहेरून आणला, तर दुसऱ्याचं पोट भरतं. त्यानं दुसऱ्याला घास भरवला नाही, पण ताट मोकळं सोडलं. हे सोडणं म्हणजेच देणं.

दुसरी वाट, कुजण्याची. तुरीची पानं महिनोन्महिने गळत असतात. जुनी मुळं मरतात, गाठी सडतात. मातीतले दुसरे जिवाणू हे सगळं खातात आणि त्यातलं नत्र पुढच्या पिकाला घेता येईल अशा रूपात मोकळं करतात. याला वेळ लागतो. म्हणून हा फायदा बराचसा पुढच्या वर्षीच्या पिकाला मिळतो. सलग तुरीनंतर घेतलेल्या मक्याला हेक्टरी साधारण ४० किलो नत्राचं खत दिल्याइतका फायदा झाल्याचं पाटणचेरूलाच मोजलं गेलं. आंतरपिकात तुरीची ताटं कमी, त्यामुळं हा आकडाही खाली येतो.

तिसरी वाट, बुरशीच्या धाग्यांची. मायकोरायझाचे धागे केसाहून बारीक असतात. ते मुळाच्या आत शिरतात, साखर घेतात आणि मुळं जिथं पोचत नाहीत तिथला स्फुरद आणून देतात. एकच बुरशी शेजारशेजारच्या दोन वेगळ्या पिकांची मुळं जोडू शकते. या धाग्यांतून थोडं नत्रही इकडून तिकडं जातं. किती जातं यावर अजून वाद आहेत, आणि बऱ्याच प्रयोगांत ते थोडंच निघालंय. पण काम नुसतं नत्राचं नाही. २०१८ साली बाझेल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी, त्यात भारतीयही होते, तूर आणि नाचणी शेजारी लावून कुंडीत प्रयोग केले. बुरशी आणि उपयोगी जिवाणू सोबत असले की नाचणीची वाढ सुधारली, आणि तुरीच्या खोल मुळांनी वर आणलेल्या ओलाव्याचाही तिला आधार मिळाला. नाचणी-तूर ही जोडी दक्षिणेत फार जुनी आहे.

आता हे तिन्ही मुद्दे एकत्र ठेवा आणि आपला शब्द परत म्हणा. बेवड.

आपल्या लोकांनी "तूर ज्वारीला खत घालते" असं म्हटलं नाही. त्यांनी म्हटलं, तुरीचा बेवड चांगला. म्हणजे फायदा मागं राहतो, जमिनीत राहतो, पुढच्याला मिळतो. खूण केलेल्या नत्रानं विसाव्या शतकाच्या शेवटी जे सांगितलं, ते या शब्दात आधीच होतं. त्यांना जिवाणू माहीत नव्हता, नत्र हे नाव माहीत नव्हतं. सगळंच आपल्याकडं आधीपासून होतं असं म्हणून छाती फुगवायची ही गोष्ट नाही. गाठीतला जिवाणू शोधला तो हेलरीगेल आणि बायरिंक यांनीच. पण परिणाम अचूक कुणी हेरला होता, तेही मान्य करायला हवं.

आणि आता खिशाची गोष्ट.

युरियाची ४५ किलोची गोणी आपल्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या थोडं वर. सलग तुरीचा ४० किलोचा बेवड म्हणजे साधारण दोन गोण्या. शेतकऱ्याच्या वहीत त्याची किंमत झाली जेमतेम साडेपाचशे रुपये हेक्टरी. त्याच दोन गोण्यांवर सरकार कितीतरी पट खर्च करतं, कारण खरा भाव आणि आपला भाव यांतला फरक अनुदानातून भरला जातो. म्हणजे कारखान्यातल्या नत्राला सरकारचा मोठा टेकू, आणि गाठीतल्या नत्राला छदामही नाही. युरिया स्वस्त करून आपण बेवडाची किंमत शून्य केली. शेतकरी मूर्ख नाही, तो हिशोब करतो. हिशोबच असा मांडलाय की तूर हरते.

वर आणखी एक. मातीत युरियाचं तयार नत्र भरपूर असलं की शेंगेचं पीक गाठी करायचं टाळतं. घरात आयतं मिळत असताना साखर खर्चून जिवाणू कोण पोसणार? ज्वारीला टाकलेला युरिया सरसकट फेकला की तूर आळशी होते. खत ओळीत, ज्वारीच्या बुडाशी द्या, असं कृषी विद्यापीठं सांगतात ते याचसाठी.

आणि तुरीचा भाव? २०१५ च्या दिवाळीआधी तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, सगळ्यांनी तूर लावली. हमीभाव बोनससह ५०५० रुपये क्विंटल. २०१७ च्या उन्हाळ्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदाना नाही म्हणून बंद पडलेली मापं, आणि व्यापाऱ्याकडं हमीभावाच्या कितीतरी खाली विकलेली तूर. २०२१ च्या मे महिन्यात तुरीची आयात खुली झाली. मोझांबिक आणि म्यानमारची तूर बंदरावर उतरते, तिच्यासोबत डाळ येते. बेवड मात्र तिकडच्याच मातीत राहतो. आयात-निर्यातीच्या आकड्यांत ही गोष्ट कुणी धरत नाही.

कुणी म्हणेल, आपण आता सोयाबीन घेतो, तेही शेंगेचंच पीक आहे. खरंय. पण सोयाबीन आपण घेतलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात भरून बाजारात पाठवतं. मागं फार शिल्लक ठेवत नाही. सोयाबीनमध्ये तूर घेणारे अजून आहेत, ही जमेची बाजू. पण हार्वेस्टर घालायचा म्हटलं की मधली तूर आडवी येते, आणि सोयाबीनचं तणनाशक ज्वारीला चालत नाही. यंत्र आणि औषध दोन्ही सलग पिकाच्या बाजूनं उभे आहेत.

सगळ्यात अवघड गोष्ट जमिनीच्या कसण्याची. आता गावोगाव निम्मं रान बटईनं किंवा ठोक्यानं जातं. एका वर्षाचा करार, तोही तोंडी. बेवड तर पुढच्या वर्षी मिळतो. पुढच्या वर्षी हे रान माझ्याकडं असेल की दुसऱ्याकडं, हे माहीत नसताना मी दुसऱ्याच्या ज्वारीसाठी तूर का पेरावी? जुन्या काळी रान बापाकडून पोराकडं जायचं, म्हणून बेवड हा घरातलाच ठेवा होता. आज कसणारा एक, मालक पुण्यात, सातबारा तिसऱ्याच्या नावावर, आणि विम्याचा अर्ज चौथ्याचा. अशा व्यवस्थेत मागं काही ठेवून जाण्याचं कारणच उरत नाही.

म्हणून हा प्रश्न नुसता जिवाणूंचा नाही. गाठीतले जिवाणू आजही तिथंच आहेत, बिनपगारी कामाला तयार. प्रश्न आपण त्यांना काम देतो का, हा आहे. सरकारनं युरियावर खर्च होणाऱ्या पैशातला थोडा वाटा शेंगेचं आंतरपीक घेणाऱ्याच्या खात्यात टाकला, पीक पाहणीत आंतरपीक नीट नोंदवलं, आणि तुरीची खरेदी वेळेवर, बारदान्यासकट केली, तर वेगळ्या प्रचाराची गरज पडणार नाही. आपल्या आमदार-खासदारांना युरियाच्या रांगेबद्दल विचारताना हेही विचारा.

तोवर आपल्या हातातलं करा. तुरीच्या बियाण्याला रायझोबियम लावायचं तर चवळी गटाचं मागा, सोयाबीनचं वेगळं असतं. पाकिटावरची तारीख बघा, उन्हात ठेवलेलं घेऊ नका, कारण आतला माल जिवंत असतो. बुरशीनाशक आधी, ते वाळलं की जिवाणू शेवटी, गुळाच्या पाण्यात कालवून, आणि बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं. पेरणीनंतर महिना-दीड महिन्यानं एखादं ताट ओल्या मातीतून हळू उकरून काढा. मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर समजा कारखाना चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातकुळीतल्या द्रव्याचा असतो. आत पांढरं किंवा हिरवट दिसलं तर काम बंद आहे. पोरांना सोबत न्या, त्यांच्या हातानं फोडू द्या. पुस्तकातला धडा त्याहून चांगला कळत नाही.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारा, कोणत्या पिकाचा बेवड कोणत्या पिकाला चांगला, कोणाचा वाईट. तुमच्या भागात या शब्दाला दुसरं काही म्हणत असतील तर तेही. जे सांगतील ते इथं खाली लिहा. शब्द वापरातून गेला की त्यातलं ज्ञानही जातं, आणि ते परत शोधायला कुणाला तरी पुन्हा माती भाजून सुरुवात करावी लागते.